यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यास रसायन किती? : एका आदर्श अभ्यासक्रमाचे परीक्षण

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात वर्षातून निदान एकदा तरी उपस्थित होणारा एक वाद आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास रसायनशास्त्र शिकवावे काय, आणि शिकवावयाचे तर ते किती, हा तो वाद होय. यंत्रविभागाचे अध्यापक म्हणतात की, पहिल्या वर्षी शिकविलेल्या रसायनाचा पुढे कोणास उपयोग झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते तास आम्हांस मिळाले तर आम्ही संगणकीय आरेखन शिकवू. रसायनाचे अध्यापक म्हणतात की, मूलभूत शास्त्रावाचून अभियंता हा केवळ कारागीर होय. दोन्ही पक्षांची वाक्ये इतकी ठरून गेलेली आहेत की, एका पक्षाने दुसऱ्याचे भाषण केले तरी चालावे. वादाचा निकाल बहुधा तासांची वाटणी करून लावला जातो, आणि कोणते रसायन हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. तो मोघमपणे न विचारता एका विशिष्ट पाठ्याच्या आधारे विचारणे बरे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवी अभ्यासक्रमाचा जो आदर्श नमुना प्रसिद्ध केला, त्यातील ‘रसायनशास्त्र-१’ ही विषयपत्रिका त्यासाठी घेतली आहे. विद्यापीठांनी या नमुन्यात आपापल्या परीने फेरफार केले असले तरी त्यामागील दृष्टी अभ्यासण्याजोगी आहे. अभ्यासक्रम हा वाचण्याचा मजकूर आहे असे आपण सहसा मानीत नाही. तो राबविण्याचा मजकूर मानतो. परंतु त्यातही काय आधी आले, कशास किती जागा मिळाली आणि कशाचा नुसता नामोल्लेख झाला, यांवरून कर्त्यांची भूमिका कळून येते.

ही पत्रिका साडेपाच श्रेयांकांची होती. व्याख्यानांचे ४२ तास असे वाटले होते : अणू व रेणू यांची रचना १२, वर्णपटीय तंत्रे ८, आंतररेणवीय बले व स्थितिज ऊर्जेचे पृष्ठ ४, रासायनिक समतोलात मुक्त ऊर्जेचा उपयोग ६, आवर्ती गुणधर्म ४, त्रिमितीय रसायन ४, आणि सेंद्रिय अभिक्रिया व एका औषधी रेणूचे संश्लेषण ४. प्रारंभ श्रोडिंजरच्या समीकरणाने होतो. पेटीतील कणाचे समीकरण सोडवून ते संयुग्मित रेणूंना आणि सूक्ष्मकणांना लावावयाचे, अशी सूचना आहे. शेवट औषधाच्या संश्लेषणाने होतो. यंत्रे, स्थापत्य, विद्युत, संगणक, सर्वांसाठी पत्रिका हीच.

आता यंत्र अभियंत्याच्या दृष्टीने ही पत्रिका वाचावयाची, तर नजर मुक्त ऊर्जेच्या सहा तासांवर जाऊन थांबते. त्या सहा तासांत एंट्रॉपी, मुक्त ऊर्जा, विद्युत्‌घटाचा दाब, नर्न्स्टचे समीकरण, आम्ल-आम्लारी, ऑक्सिडीकरण-क्षपण व विद्राव्यता यांचे समतोल, पाण्याचे रसायन, धातूंचे संक्षारण आणि धातुनिष्कर्षणातील एलिंगहॅम आकृत्या एवढा ऐवज कोंबलेला आहे. संक्षारणास, म्हणजे धातू गंजण्याच्या व झिजण्याच्या संपूर्ण शास्त्रास, या पाठ्यात एक शब्द मिळाला आहे. पाण्यास दोन. औषधी रेणूच्या प्रकरणास मात्र चार तास आहेत! ज्याला उद्या बॉयलर चालवावयाचा आहे, नळ जोडावयाचे आहेत, पंपाचे पाते निवडावयाचे आहे, त्याच्या वाट्याला ॲस्पिरिन आले आणि गंज निसटला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. ही पत्रिका कशाच्या विरोधात लिहिली गेली हे पाहिल्याखेरीज तिचे मर्म कळत नाही. तिच्या आधी कित्येक दशके आपल्या महाविद्यालयांत ‘अभियांत्रिकी रसायन’ या नावाचा विषय शिकविला जात असे. त्याची पाठ्यपुस्तके आमच्या पिढीतील प्रत्येकाने वापरली आहेत. पाणी, इंधने, वंगणे, संक्षारण, सिमेंट, बहुवारिके, अशी त्यांची प्रकरणे असत. विषयांची निवड पाहिली तर ती यंत्र अभियंत्यास अगदी सोयीची होती. आणि तरीही तो विषय निर्जीव होता. दुष्फेन पाण्याचे दोन प्रकार, बॉयलरमधील पापुद्र्याचे तोटे, चांगल्या वंगणाचे गुण, अशा याद्या पाठ करावयाच्या. ड्युलाँगच्या सूत्रात आकडे घालून कोळशाचे उष्मामूल्य काढावयाचे. प्रज्वलनबिंदूची व्याख्या लिहावयाची. आणि परीक्षा संपताच सारे विसरावयाचे. वंगणाची श्यानता तापमानाबरोबर का घटते, किंवा पापुद्रा तापलेल्या नळीवरच का धरतो, हा प्रश्न त्या पुस्तकांतून क्वचितच उपस्थित होई. २०१८ च्या पत्रिकेचे कर्ते या पाठांतराला विटले होते हे तिच्या ओळीओळीत दिसते. त्यांना तत्त्व शिकवावयाचे होते. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांचे निदानही बरोबर होते.

चूक झाली ती उपायात. जुन्या विषयात प्रकरणे योग्य होती आणि शिकविण्याची रीत चुकीची होती; नव्या पत्रिकेने रीत सुधारली आणि प्रकरणेच टाकून दिली. पाणी व गंज हे विषय कंटाळवाणे नव्हते; ते कंटाळवाणे करून शिकविले जात होते.

हे विधान उदाहरणावाचून पटावयाचे नाही. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्याचा स्फोट यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात पुष्कळदा सांगितला जातो, पण त्याची अर्धीच कथा सांगितली जाते. १ जून १९७४ या दिवशी त्या कारखान्यातून सायक्लोहेक्झेनचा प्रचंड ढग बाहेर पडून पेटला आणि २८ माणसे मृत्यू पावली. तो शनिवार होता. कामाचा दिवस असता तर आकडा कितीतरी वाढला असता. वर्गात सांगितली जाणारी कथा अशी. उताराने मांडलेल्या सहा भांड्यांपैकी पाचवे काढून घेतले होते. चौथे व सहावे यांना जोडण्यासाठी २० इंची वाकडा नळ बसविला. त्याच्या दोन्ही टोकांना भात्यासारखे लवचीक सांधे होते. नळाचा आराखडा कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढला होता. अंतर्गत दाबाने त्या वाकड्या नळावर जे आघूर्ण येते त्याचा हिशोब कोणी केला नव्हता. कारखान्याच्या मुख्य यंत्र अभियंत्याची जागा त्या वेळी रिकामी होती. हे सर्व खरे आहे, आणि बलशास्त्राच्या अध्यापकास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

परंतु पाचवे भांडे काढावेच का लागले? कारण २७ मार्च १९७४ रोजी त्याला एक लांब उभी भेग पडलेली आढळली. भांड्याचे बाहेरील कवच सौम्य पोलादाचे होते. वरच्या बाजूस होणारी थोडीशी गळती विरळ करण्यासाठी तेथे पाणी सोडले जात असे. ते पाणी शीतनाचे होते, आणि त्यात नायट्रेट होते. पाण्याची वाफ होत गेली, नायट्रेट मागे राहून साठत गेले, आणि ताणाखाली असलेल्या पोलादास नायट्रेटने भेग पाडली. ताण आणि संक्षारण यांच्या संयोगाने सौम्य पोलाद नायट्रेटच्या सान्निध्यात चिरते, ही गोष्ट धातुशास्त्रज्ञांना त्यापूर्वीच ठाऊक होती. पाण्याची नळी धरणाऱ्यास ती ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी ते केवळ पाणी होते.

या घटनेतून रसायनाच्या पक्षाने जितके मिळते तितकेच घ्यावे. स्फोटाचे निकटचे कारण यांत्रिक होते, रासायनिक नव्हे; नळ नीट बसविला असता तर भेगेची कथा कोणी सांगितली नसती. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहावयाचे ते हे की, ती भेग टाळण्यासाठी किती रसायन लागले असते? श्रोडिंजरचे समीकरण नको होते. वर्णपट नको होता. ‘कोणते पाणी, त्यात काय विरघळलेले आहे, आणि ते आटल्यावर काय उरेल’, एवढे विचारण्याची सवय लागली असती. जुन्या पुस्तकाने ही सवय लावली नसती, कारण त्यात पाण्याचे वर्गीकरण होते, पाण्याची चौकशी नव्हती. नव्या पत्रिकेने लावली असती काय, हे ज्याने त्याने तिचे सहा तास डोळ्यांपुढे ठेवून ठरवावे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेले यंत्र अभियंते बॉयलरवर काम करतात. उसाचा रस आटविताना वापरलेली वाफ थिजून जे पाणी होते, ज्याला कारखान्यात सर्वजण कंडेन्सेट म्हणतात, ते पुन्हा बॉयलरला दिले जाते. ते शुद्ध, गरम आणि फुकटचे. त्याहून चांगले पाणी कोठून आणावयाचे? पण बाष्पीकरणपात्राच्या एखाद्या नळीला सूक्ष्म छिद्र पडले, किंवा उकळी जोराची होऊन वाफेबरोबर रसाचे थेंब उडाले, की त्या पाण्यात साखर येते. बॉयलरच्या दाबाखालील तापमानात ती साखर विघटन पावून सेंद्रिय आम्ले बनतात, पाण्याचा पीएच उतरतो, फेस होतो, नळ्यांवर कर्बाचा थर धरतो, आणि त्या थराखाली नळीचे पोलाद तापत जाते. म्हणून कंडेन्सेटची अल्फा-नॅफ्थॉलची कसोटी घेत राहावयाची. परीक्षानळीत तीव्र गंधकाम्ल हळूच सोडले की, साखर असल्यास जांभळे कडे दिसते. कसोटी प्रयोगशाळेतील रसायनज्ञ घेतो. पाणी वळवावयाचे की नाही याचा निर्णय बॉयलरवरील अभियंत्याशी बोलून घ्यावा लागतो, कारण वाफ कमी पडली तर गाळप थांबते. तेथे दोन माणसे दोन भाषांत बोलतात. त्यांच्यापैकी निदान एकास दोन्ही भाषा समजल्या पाहिजेत, आणि ते काम यंत्र अभियंत्याचे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. रसायनज्ञाकडून नळीच्या भिंतीतील ताणाचा हिशोब कोणी मागत नाही.

दुसरे उदाहरण इंधनाचे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आपल्याकडे २०२५ साली सिद्धीस गेले, आणि त्यातील पुष्कळसे इथेनॉल याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येते. काही काळापूर्वी एका तोंडी परीक्षेत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मी विचारले की, पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने किती हवा लागते. ‘चौदा पूर्णांक सात पट’, असे उत्तर तत्काळ आले. ‘आणि इथेनॉलच्या?’ विद्यार्थी हुशार होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, हा आकडा दिलेला नव्हता. आकडा दिलेला नव्हता! तो काढता येतो ही कल्पनाच त्याला शिवली नव्हती. इथेनॉलच्या एका रेणूस ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात. म्हणजे ४६ भार इंधनास ९६ भार ऑक्सिजन. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३.२ टक्के, म्हणून हवा सुमारे ४१४ भार, आणि गुणोत्तर ९. हे गणित अकरावीचे आहे. वीस टक्के मिश्रणात इथेनॉल वजनाने सुमारे २१ टक्के भरते, आणि मिश्रणाचे गुणोत्तर साडेतेरापर्यंत उतरते. ज्या इंजिनात ऑक्सिजन मोजणारा संवेदक आहे ते स्वतःच हा फरक भरून काढते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनास तो कळत नाही आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी विरळ पडते. इथेनॉलचे उष्मामूल्य किलोग्रॅमला सुमारे २७ मेगाज्यूल, पेट्रोलचे ४३ च्या आसपास. इथेनॉल पाणी ओढते. काही जातींचे रबर त्यात फुगते. गाडी कमी का धावते, सुरू व्हावयास कां-कूं का करते, जुनी नळी का पाझरते, हे वाहनधारकांचे प्रश्न आज यंत्र अभियंत्याकडे येत आहेत, आणि त्यांची उत्तरे या चार-पाच वाक्यांत सामावलेली आहेत.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवावयास हवी. त्याच २०१८ च्या नमुन्यात, यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या ‘उपयोजित ऊष्मागतिकी’ या विषयात, इंधने, ज्वलनाची भारगणना, निष्कासित वायूंचे पृथक्करण, ज्वालेचे तापमान, इतकेच काय पण मुक्त ऊर्जेच्या साहाय्याने रासायनिक समतोलातील घटकांचे प्रमाण काढणे, हे सर्व पुन्हा आलेले आहे. ‘पुन्हा’ हा शब्दही बरोबर नव्हे. कारण रसायनाच्या पत्रिकेत ज्वलन मुळी नाहीच. एकच मुक्त ऊर्जा दोन विभागांनी, दोन वर्षी, दोन चिन्हपद्धतींनी शिकवावयाची आणि विद्यार्थ्याला ती एकच आहे हे कोणी सांगावयाचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. एकाच घरात दोन चुली मांडाव्यात आणि दोन्हींवर अर्धाच भात शिजावा, तसे हे झाले.

रसायनाची यंत्र अभियंत्यास गरजच नाही असे म्हणणाऱ्यांस टॉमस मिजली याचे चरित्र वाचावयास द्यावे. आणि रसायन जितके जास्त तितके बरे असे म्हणणाऱ्यांसही तेच द्यावे. मिजलीने १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली ती यंत्र अभियांत्रिकीची. मोटारीच्या इंजिनातील ठोका, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो, तो का होतो हे शोधताना तो रसायनात शिरला. असंख्य द्रव्ये चाचपून पाहत, पुढे आवर्त सारणीच्या आधाराने वाट काढीत, डिसेंबर १९२१ मध्ये तो टेट्राएथिल शिशापाशी पोहोचला. नंतर शीतकपाटासाठी निर्विष व अज्वलनशील वायू हवा होता, तर त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ शोधला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू स्वतः हुंगून त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. दोन्ही शोध यांत्रिक प्रश्नांची अचूक रासायनिक उत्तरे होते. पहिल्याने जगाच्या हवेत शिसे पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि पंपावरील विक्री जगातून संपावयास २०२१ साल उजाडले. दुसऱ्याने ओझोनचा थर विरला, आणि १९८७ चा माँट्रियल करार करावा लागला. इथेनॉलने ठोका कमी होतो हे मिजलीस माहीत होते, ही गोष्ट आजच्या वाचकास विशेष लागेल.

मिजलीला रसायन कमी येत होते असे म्हणता येणार नाही. शिसे विषारी आहे हे त्या काळी कोणासही नव्याने सांगावयास नको होते. त्याला स्वतःलाही त्याची बाधा झाली होती. तेव्हा त्याच्या पहिल्या शोधाची जबाबदारी शिक्षणावर ढकलणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय. दुसऱ्या शोधाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या विषयास अधिक जवळची आहे. आर-१२ हा स्थिर वायू खरा. पण स्थिर म्हणजे काय? जमिनीजवळच्या हवेत तो कशाशीही अभिक्रिया करीत नाही, म्हणून टिकतो. टिकतो म्हणून वर चढतो. आणि वर अतिनील किरणांत त्याचा क्लोरीन सुटतो. ही साखळी १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी उलगडून दाखविली. एखादी अभिक्रिया होते की नाही याबरोबरच ती किती वेगाने, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत होते, हे विचारले पाहिजे.

२०१८ च्या पत्रिकेची सर्वांत मोठी उणीव माझ्या मते येथे आहे, आणि तिच्याकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तिच्या ४२ तासांत अभिक्रियेच्या वेगास स्वतंत्र स्थान नाही. हायड्रोजनच्या तीन अणूंच्या स्थितिज ऊर्जेचे पृष्ठ आहे, त्यावरील मार्गही आहेत. पण तापमान दहा अंशांनी वाढले असता वेग किती वाढतो, हे कोठे सांगावयाचे याचा उल्लेख नाही. प्रयोगांच्या यादीत मात्र अभिक्रियेचा वेगस्थिरांक काढण्याचा प्रयोग दिलेला आहे. म्हणजे हाताने वेग मोजावयाचा आणि कानावर त्याचे तत्त्व पडू द्यावयाचे नाही.

यंत्र अभियंत्यास तर वेग हेच सारे आहे. एलिंगहॅम आकृतीवरून पाहिले तर ॲल्युमिनियमसारखा धातू हवेत क्षणभर टिकू नये. आपण त्याची विमाने उडवितो, कारण पृष्ठभागावरील ऑक्साइडचा सूक्ष्म थर पुढील अभिक्रियेची वाट अडवितो. थर अखंड राहिला तर यंत्र राहते. जपानमधील मिहामा येथील अणुवीज केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी दुय्यम मंडलातील एक जलवाहिनी फुटून वाफेने पाच कामगार दगावले. वाहिनी साध्या कर्ब-पोलादाची होती. प्रवाहमापक चकतीच्या पुढे पाण्याला भोवरे पडत. त्या गरम, ऑक्सिजन काढून घेतलेल्या पाण्यात ऑक्साइडचा थर विरघळून वाहून जात राही, आणि मूळची सुमारे १० मिलिमीटर जाडीची भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाली. १९७६ साली ती अणुभट्टी सुरू झाल्यापासून त्या भागाची जाडी कोणी मोजली नव्हती. तपासणीच्या यादीतून तो भाग सुटला होता. पाण्यातील ऑक्सिजन काढावा असे जुने पुस्तक सांगते, आणि ते बरोबर आहे. परंतु ऑक्सिजन काढल्यानेच दुसऱ्या प्रकारची झीज सुरू होऊ शकते, हे वेग आणि प्रवाह यांचा एकत्र विचार केल्याशिवाय कळत नाही. प्रवाहाचे भोवरे यंत्र अभियंता दुसऱ्या वर्षी शिकतोच. रसायनाची एक ओळ त्याच व्याख्यानात हवी होती.

परदेशांकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळेल असे काहींस वाटते. तेथेही एकमत नाही. अमेरिकेतील अभियांत्रिकी अधिस्वीकृती मंडळाच्या यंत्र अभियांत्रिकीविषयक निकषांत या शतकाच्या आरंभी रसायन आणि भौतिकी या दोहोंचे ज्ञान व त्यांपैकी एकात तरी सखोलता अपेक्षिली होती. पुढे ती अट जाऊन केवळ मूलभूत शास्त्र असा मोघम शब्द राहिला. तेथील व्यावसायिक परवान्याच्या पहिल्या परीक्षेची यंत्रशाखेची पत्रिका २०१४ साली नव्याने आखली गेली, तेव्हा तिच्यातून रसायनाचा स्वतंत्र विभाग गळाला. आपल्या गेट परीक्षेच्या यंत्रशाखेतही तो नाही; अंतर्ज्वलन इंजिनाचे विवेचन तेथे हवेच्या आदर्श चक्रांवर थांबते, म्हणजे इंजिनात इंधन जळते ही गोष्टच बाजूस ठेवून ते होते. परीक्षेत जे नाही ते विद्यार्थी शिकणार नाही, हे आपण सर्वजण जाणतो. तेव्हा रसायनाचे तास कागदावर टिकले तरी मनातून ते गेलेलेच आहेत.

विद्युत वाहने आल्यावर यंत्र अभियंत्याचे हे ओझे उतरेल, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो टिकत नाही. लिथियम घटाचा संच थंड कसा ठेवावा, तो कोणत्या तापमानाला स्वतःच तापू लागतो, एक घट पेटला तर शेजारचा किती वेळात पेटेल, ही कामे यंत्र अभियंत्याकडेच आली आहेत. आणि त्यांत विद्युत्‌घटाचा दाब, मुक्त ऊर्जा आणि वेग, हेच तीन पाहुणे दुसऱ्या पोशाखात आले आहेत.

मग किती? आकडा टाळणे हे भित्रेपणाचे होईल. माझ्या हिशोबाने २८ तास पुरेत, ४२ नकोत. भारगणना व ज्वलन यांना आठ, विद्युत्‌रसायन व संक्षारण यांना वेगासह दहा, पाण्यास चार, आणि वंगणे व बहुवारिके यांना मिळून सहा. पुंजयामिकी व औषधी रेणू वगळल्याचे मला वाईट वाटते, विशेषतः पहिल्याचे. ज्याला पदार्थविज्ञानात पुढे जावयाचे आहे त्याने ते ऐच्छिक म्हणून अवश्य घ्यावे. मात्र हे २८ तास पहिल्या वर्षी देऊ नयेत. अठराव्या वर्षी, ज्याने बॉयलर पाहिलेला नाही अशा मुलास बॉयलरच्या पाण्याचे रसायन सांगणे व्यर्थ आहे. जुना विषय याच खडकावर फुटला. ते दुसऱ्या वर्षी, उपयोजित ऊष्मागतिकीच्या शेजारी, त्याच सत्रात बसवावेत, आणि दोन्ही विषयांच्या प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न सामाईक असावा. प्रयोगांपैकी पाण्यातील क्लोराइड, आयन-विनिमयाने पाणी मृदू करणे, तेलाचे आम्लमूल्य, श्यानता आणि वेगस्थिरांक हे २०१८ च्या यादीतले प्रयोग राखावेत. त्यांत ताणाखाली वाकविलेली आणि न वाकविलेली अशा लोखंडाच्या दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवून आठवडाभर पाहण्याचा एक प्रयोग घालावा. त्याला खर्च काही येत नाही.

या सूचनेतील खरी अडचण शैक्षणिक नाही, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रसायनाच्या अध्यापकांची पदे पहिल्या वर्षाच्या तासांवर अवलंबून असतात. तास ४२ वरून २८ वर आणा असे म्हणणे, म्हणजे कोणाच्या तरी नेमणुकीवर घाला घालणे होय. आणि ज्याची नेमणूक अशी टांगलेली आहे त्याच्याकडून अभ्यासक्रमाविषयी निर्भीड मत अपेक्षिणे कठीण आहे. पत्रिका सर्व शाखांस सामाईक ठेवण्यामागे तात्त्विक कारणे दिली जातात, पण एकच पत्रिका असली म्हणजे वेळापत्रक सोपे होते आणि कार्यभार सुरक्षित राहतो, हेही कारण थोडे नव्हे. दुसऱ्या वर्षाचा हा विषय रसायनाच्या अध्यापकानेच शिकवावा, यंत्रविभागाने तो आपल्याकडे ओढू नये, अशी अट त्यामुळे प्रथमच घालणे आवश्यक वाटते. यंत्रविभाग ती मान्य करील काय, याविषयी आमच्याच विभागाच्या गेल्या दोन बैठकांत एकमत होऊ शकलेले नाही. विषय पुढील सत्राच्या बैठकीपुढे ठेवलेला आहे.